साडेपाचची कुरुंदवाड

“सर, किती वाजले?”

हळिंगळे सरांनी आधी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मग शर्टाची बाही मनगटावर ओढून घेतली आणि डोक्यावरच्या भिंतीकडे बोट केलं.

“वर दिसतंय की, मगदूमबाई. ऑफिसात घड्याळ कशाला लावलंय?”

मी वर पाहिलं, आतल्या खोलीत जाऊन नव्या सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर तीच वेळ टाकली आणि पुढच्या कामाला लागले. गुरुवारची दुपार होती. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती आणि खोलीत अजून कुणाच्या तरी डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीचा वास रेंगाळत होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी मिरजेत एका धर्मादाय ट्रस्टच्या रक्तपेढीत संगणकाचं काम बघायची. ट्रस्टच्या रक्तपेढ्या तीन, मिरज, सांगली आणि कोल्हापूर. कुठल्या गटाच्या किती पिशव्या कुठे शिल्लक आहेत हे तिन्हीकडे एकदमच दिसायला हवं, म्हणून सांगलीत एक आणि कोल्हापुरात एक असे दोन सर्व्हर होते. दोघांकडे माहिती सारखीच, आणि दिवसभर ते एकमेकांशी ताडून बघायचे. त्यातला एक बंद पडला की दुसरा एकटा नवी नोंद घ्यायचा नाही. रक्ताचा मामला, एकट्याच्या शब्दावर चालत नाही. म्हणून तिसरा सर्व्हर आमच्याकडे बसवायचा होता, आणि तो शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या दोघांत सामील व्हायला हवा होता. शनिवारी कोल्हापूरची पेढी नव्या इमारतीत हलणार होती.

माझी नोकरी कराराची, आणि करार त्याच महिन्यात संपत होता. ट्रस्टच्या चिटणीसांनी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, “तुम्हाला जमलं तर आनंदच आहे. नाहीतर पुण्याची कंपनी सगळंच बघायला तयार आहे.”

पण नोकरी टिकणार की नाही हे माझ्या मनात सर्व्हरवर कमी आणि साडेपाचच्या कुरुंदवाड बसवर जास्त अवलंबून होतं.

माझी रेणू तेव्हा पाच महिन्यांची होती. बाटली तोंडात घेत नव्हती. वाटी-चमच्याने पाजायला गेलं की जिभेने सगळं बाहेर ढकलायची आणि आपल्याला फसवल्यासारखी बघत राहायची. सकाळी पाजून मी निघायची, दुपारी सासूबाई तिला काढून ठेवलेलं दूध थेंब थेंब पाजून कशीबशी वेळ मारून न्यायच्या. संध्याकाळ झाली की मात्र तिला मीच लागायची. साडेपाचची बस मिळाली तर ठीक. चुकली तर पुढची तास-सव्वा तासाने, आणि घरी पोचेपर्यंत रडून रडून पोरीचा घसा बसलेला असायचा.

ऑफिस सुटायचं साडेपाचला आणि मिरजेचं स्टँड चालत दहा मिनिटांवर. कामावर रुजू झाल्यापासून बस रोजच चुकत होती. एका संध्याकाळी मी दारात आले तेव्हा सासूबाई रेणूला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“हे बघ पद्मजा,” त्या म्हणाल्या, “माझे गुडघे गेलेत म्हणून म्हणत नाही. लेकराचा हा आवाज मला ऐकवत नाही गं. नोकरी परत मिळेल की कधीतरी.”

अभिनंदन, माझा नवरा, इचलकरंजीला सूतगिरणीत. तो म्हणाला, “तू म्हणशील तसं.” म्हणजे काहीच म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून हळिंगळे सरांसमोर उभी राहिले. ते आमचे व्यवस्थापक. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन ट्रस्टमध्ये आलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि ऑफिसात शिरतानाच सगळ्यांचे मोबाईल स्वतःच्या खणात ठेवून घ्यायची पद्धत. बाळाला लागतं म्हणून मी हातात घड्याळही घालत नव्हते. ऑफिसातल्या जुन्या संगणकांची वेळ तर वीज गेली की कुठल्या कुठे जायची. त्यामुळे भिंतीवर सरांच्या डोक्यावर टांगलेलं ते गोल घड्याळ, तेवढाच आम्हा सगळ्यांचा आधार.

“सर, मला रोज पाव तास आधी सोडाल का? बाळ लहान आहे. दुपारची सुट्टी मी अर्धीच घेईन.”

“मगदूमबाई,” सर पेनाचं टोपण लावत म्हणाले, “घड्याळात साडेपाच वाजल्याशिवाय या ऑफिसातून कुणी जात नाही. आज तुम्हाला पाव तास दिला तर उद्या औषधाच्या काउंटरवरचे अर्धा मागतील. मी नाही म्हणायला कुठल्या तोंडाने जाऊ?”

“बरं सर,” म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. डोळ्यांत पाणी आलं ते संगणकाच्या आड लपवलं.

आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यापासून मला बस मिळायला लागली. घड्याळात साडेपाच झाले की मी मोबाईल पिशवीत टाकून धावत सुटायची, आणि स्टँडवर कुरुंदवाड उभीच असायची. मला वाटलं, एसटीने वेळ बदलली. नाहीतर ड्रायव्हर चहाला रेंगाळतो. एकदा तर मी कंडक्टरला पेढाही दिला.

“कशाबद्दल?” त्याने विचारलं.

“थांबता ना तुम्ही रोज.”

तो माझ्याकडे बघत राहिला, पण पेढा खाल्ला.

एकच गोष्ट मला छळत होती. ज्यांनी अंगावर पाजलंय त्या बायकांना कळेल. रोजची ठरलेली वेळ झाली की बाळ जवळ नसलं तरी पान्हा फुटतो, छाती भरून येते, ब्लाऊज ओला होतो. मी आत रुमालाच्या घड्या घालून जायची. सुरुवातीला सुटायच्या वेळेला मी भिजलेली असायची. पण बस मिळायला लागली तेव्हापासून घड्याळात साडेपाच झाले तरी छाती कोरडीच. बसमध्ये बसल्यावर केव्हातरी पान्हा यायचा. माझ्या मनाने घेतलं की दूध आटत चाललंय. आत्यांनी अळिवाची खीर सुरू केली, शतावरी आणली. मी मुकाट्याने गिळत होते आणि मनात म्हणत होते, आता बस मिळतेय तर दूधच आटणार.

तर तो शुक्रवार.

सर्व्हर सगळा मांडून झाला होता. राहिलं होतं ते एकच काम, त्याची ओळख पटवायची. म्हणजे काय, तर तिन्ही सर्व्हरकडे एकच गुप्त किल्ली असते. किल्ली म्हणजे लांबलचक अक्षरांची एक फाईल. नवा आला की तो किल्लीच्या आधारे म्हणतो, मी तुमच्यातलाच. जुने दोघं तपासतात, पटलं तर आत घेतात. नाही पटलं तर एक ओळ तोंडावर फेकतात. सकाळपासून मी तीच ओळ वाचत होते. ओळख पटली नाही.

“काय म्हणतंय तुझं यंत्र?” एस्तेर सिस्टरांनी दारातून विचारलं. एस्तेर सातपुते आमच्या प्रयोगशाळेतल्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला टांगलेला, आणि बोलणं कुणाचीही भीड न ठेवता.

“आत घेत नाहीयेत त्याला.”

“क्रॉसमॅच केलंस? जुळतंय का बघितलंस?”

“तेच तर चाललंय, सिस्टर. किल्ली तीच आहे, तरी नाही म्हणतात.”

“मग गट सारखा असून पिशवी नाकारली म्हणायची,” त्या म्हणाल्या. “असं झालं की आम्ही पिशवी बघत नाही, नमुना बघतो. घेतानाच काहीतरी गडबड झालेली असते.”

मी किल्ली पुसून पुन्हा आणली. अक्षरं एकेक करून ताडली. ती फाईल सर्व्हरशिवाय दुसऱ्या कुणाला वाचता येत असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही, तेही तपासलं. पत्ते तपासले. सांगलीला फोन, कोल्हापूरला फोन. चहा आला, थंड झाला. जेवणाची सुट्टी मी घेतलीच नाही. डबा घेऊन प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत सर्व्हरसमोर बसले. सिस्टर आणि सगळे मागच्या व्हरांड्यात जेवायला गेले.

दुपार कलली तशी माझी मान आखडायला लागली. सर दर थोड्या वेळाने येऊन मागे उभे राहायचे.

“चिटणीसांचा फोन आला होता,” एकदा ते म्हणाले.

“काय म्हणाले?”

“झालं का, म्हणाले.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“चाललंय, म्हटलं. खोटं नाही ना ते?”

“नाही सर.”

“मग झालं तर.”

शेवटी मी पुण्याच्या कंपनीला फोन लावायचा ठरवला. त्यांना फोन करणं म्हणजे मला जमलं नाही हे कबूल करणं. पण बाहेरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते आणि माझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या. थांबले तर बस जाणार. गेले तर नोकरी. आणि बस एकदा चुकली की आत्यांचा तो न रागावता बोललेला आवाज पुन्हा ऐकायचा.

सरांच्या टेबलावरच्या फोनला स्पीकर होता. तो लावला. पलीकडे सबनीस नावाचा इंजिनिअर होता. आवाजावरून माझ्याच वयाचा, आणि बरा माणूस.

“किल्ली बघितली?”

“चारदा.”

“फाईलची परवानगी?”

“बघितली.”

“हं.” पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. “मॅडम, तुमच्या नव्या मशीनवर वेळ किती आहे?”

मी आत जाऊन पाहून आले. “सव्वापाच.”

“माझ्याकडे पाच वाजतायत.”

“नाही हो. आमच्या भिंतीवरच्या घड्याळातही सव्वापाचच आहेत. काल त्याच्यावर बघूनच वेळ टाकली होती.”

“मग भिंतीवरचंही पुढे आहे,” सबनीस म्हणाला. “मॅडम, सापडलं. हेच आहे. नवा सर्व्हर किल्लीने सही करून जी चिठ्ठी पाठवतो ना, तिच्यावर वेळ असते. कुणी जुनी चिठ्ठी चोरून पुन्हा वापरू नये म्हणून. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला की हे दोघं चिठ्ठी फाडून टाकतात.”

“मग तसं सांगायचं तरी. नुसतं ओळख पटली नाही म्हणतात.”

“कारण सांगितलं तर चोराला मदत होते, मॅडम.”

मी हसले. दिवसभरात पहिल्यांदा. हसत हसत सरांकडे वळले तर सर टेबलावरची पेनं एका रेषेत लावत होते. चेहरा खाली. कान लाल.

“सेल गेला असेल,” ते पुटपुटले.

सिस्टर दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. “सेल गेला की घड्याळ मागं पडतं, सर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पुढं पळत नाही.”

फोनमधून सबनीसच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता.

मी घड्याळाकडे पाहिलं. सकाळी याच घड्याळात पाहून मी सही करते आणि मला कधी उशीर झालेला नसतो. म्हणजे सकाळी ते बरोबर असतं. घड्याळाखाली भिंतीला लागून एक लाकडी स्टूल होतं. त्यावर वर्तमानपत्राची घडी पसरलेली, आणि घडीवर कोल्हापुरी चपलेच्या टाचेचा ठसा. दुपारी आम्ही सगळे मागे जेवायला गेलो की या खोलीत एकटे सर असतात. सकाळी कुलूप उघडायला सगळ्यांत आधी येतात तेही सरच.

घड्याळात साडेपाच वाजल्याशिवाय या ऑफिसातून कुणी जात नाही.

“मॅडम, आहात ना?” सबनीस विचारत होता.

“आहे,” मी म्हटलं. “तुमची वेळ सांगा.”

त्याने सांगितली, मी आत जाऊन टाकली. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. सिस्टर माझ्या मागोमाग आत आल्या. यंत्र सुरू होईपर्यंत मी हळूच विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“माझ्या हातात घड्याळ आहे, पोरी. रक्त तपासायचं म्हणजे मिनिटं मोजावी लागतात.”

“मग कधी बोलला नाहीत?”

“मी कशाला बोलू? मलाही पाव तास आधी घर मिळत होतं,” त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. “पहिल्या दिवशी स्टुलावर चढताना बघितलं मी त्यांना. एवढे घामेजले होते, जणू तिजोरी फोडतायत.”

पडद्यावर ओळी सरकल्या. सांगलीने विचारलं, नव्याने उत्तर दिलं. कोल्हापूरने विचारलं, नव्याने उत्तर दिलं. मग एक छोटीशी ओळ आली, आणि ती वाचून मी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

“घेतलं?” सिस्टरांनी विचारलं.

“घेतलं.”

“देवाची कृपा. आता मी जाते, माझ्या नळ्या सुकतायत.” पण त्या गेल्या नाहीत.

बाहेर येऊन मी सबनीसला सांगितलं. तो म्हणाला, “अभिनंदन.” त्याने माझ्या नवऱ्याच्या नावानेच हाक मारल्यासारखं वाटलं. “आता सगळी माहिती तिकडे उतरायला दोन-तीन तास लागतील. कुणीतरी समोर बसायला हवं. मध्ये लाईन तुटली तर पुन्हा सुरू करावं लागतं, नाहीतर उद्या सकाळी अर्धवटच असेल सगळं. पूर्ण झालं की मी चिटणीसांना कळवतो, तुम्ही केलंत म्हणून. आणि ते भिंतीवरचं घड्याळ आत्ताच बरोबर लावून घ्या. उद्या परत कुणी त्यावर बघून वेळ टाकेल. मी लाईनवर आहे, सांगतो.”

सर उठले. वर्तमानपत्राची घडी सरळ केली, स्टुलावर चढले. सगळ्यांसमोर. औषधाच्या काउंटरवरचा माणूसही दारात येऊन उभा राहिला होता. सबनीसने वेळ सांगितली आणि सरांनी काटा मागे फिरवला. पाच वाजून दहा. मग खाली उतरून रुमालाने हात पुसले, जणू धूळ लागली होती.

मी उभी होते. दोन-तीन तास. म्हणजे साडेपाचची तर गेलीच, पुढचीही गेली. आत्या या वेळेला पोरीला घेऊन अंगणात आलेल्या असतील. रेणूला वेळ कळायची. फाटकाच्या आवाजाकडे मान वळवून बसायची.

“मी थांबते, सर,” मी म्हटलं. “घरी तेवढा एक फोन करू द्या.”

सरांनी खण उघडला. माझा मोबाईल काढून टेबलावर ठेवला, पण हात त्याच्यावरच राहिला.

“काय बघायचं असतं?” त्यांनी विचारलं.

“कशात?”

“त्या पडद्यावर. बसणारा माणूस काय बघतो?”

“एक शब्द असतो सर, इंग्रजीत. माहिती उतरतेय अशा अर्थाचा. काम पुरं झालं की तो बदलतो.”

“आणि लाईन तुटली तर?”

“तर लाल अक्षरं येतात. मग एक आज्ञा द्यायची, मी लिहून ठेवलेली आहे. ती आहे तशी टाइप करायची आणि थांबायचं.”

“मी टेलिफोन खात्यात रात्र रात्र बोर्डावरचे दिवे बघितलेत,” सर म्हणाले. “एक शब्द बघायला जमेल मला. या, दाखवा.”

आम्ही आत गेलो. मी शब्द दाखवला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. बदलल्यावर कुठला येईल तोही वाचून घेतला. मग माझी खुर्ची पुढे ओढून ताठ बसले, हात मांडीवर, डोळे पडद्यावर.

“निघा.”

“सर, अजून साडेपाच वाजायचेत…”

“दिसतंय मला. आत्ता मीच लावलंय ना घड्याळ?” त्यांनी मान वळवली नाही. “निघा म्हटलं ना, मगदूमबाई.”

मागून सिस्टरांनी मला खांद्याला धरून दाराकडे वळवलं. “जा बाई. त्यांचा विचार बदलायच्या आत जा.”

टेबलावरचा मोबाईल उचलून मी धावले. स्टँड दिसायला लागलं तेव्हा जाणवलं, आतल्या घड्या भिजल्यात. छाती दाटून दुखत होती. दूध आटलं नव्हतं. ते रोज आपल्या वेळेवरच येत होतं, मीच वेळेच्या आधी निघत होते. रस्त्याने येणारेजाणारे बघत होते आणि मी पिशवी छातीशी धरून, डोळे पुसत, हसत पळत होते.

स्टँडवरच्या मोठ्या घड्याळात बरोबर साडेपाच होत होते आणि कुरुंदवाड सुरू होऊन हलायच्या बेतात होती. मी पायरीवर पाय ठेवला तसा कंडक्टर म्हणाला, “आज तुमच्यासाठी थांबवावी लागली असती की गाडी.”

“रोज वेळेवरच सुटते ना ही?”

“म्हणजे काय? मग त्या दिवशी पेढा कशाचा होता?”

मी तिकीट घेतलं आणि खिडकीशी बसले. त्याला काय सांगणार?

घरी पोचले तेव्हा अंगणात अजून उजेड होता. आत्या पायरीवर बसल्या होत्या आणि रेणू त्यांच्या मांडीवर, फाटकाकडे तोंड करून. रडत नव्हती. मला पाहून तिने दोन्ही मुठी हवेत नाचवल्या आणि मग एकदम तोंड वाकडं केलं, जणू आता रडायला हरकत नाही.

“हात धू आधी,” आत्या म्हणाल्या. “ती कुठं पळत नाही.”

आतल्या खोलीत भिंतीला टेकून मी तिला पदराखाली घेतलं. पहिले काही घोट तिला आवरेनात, ठसका लागला, मग लय सापडली. तिचा एक हात माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राशी खेळत होता, मग खेळायचा थांबला. आत्यांनी अळिवाची वाटी शेजारी आणून ठेवली. मी त्यांना दुधाचं सांगितलं. घड्याळाचंही सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, मधेच त्यांनी एकदा विचारलं, “बाप्या माणूस?”

“हो.”

“आणि नियमाचा?”

“भारी नियमाचा.”

त्यांनी मान हलवली आणि दिवा लावायला उठल्या. नोकरीचं त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. नंतरही कधी बोलल्या नाहीत.

दिवेलागण होऊन बराच वेळ झाला असेल. रेणू दुसऱ्यांदा प्यायला लागली होती, अर्धी झोपेत. मोबाईल वाजला. नंबर ऑफिसचा. एका हाताने कानाला लावला.

“मगदूमबाई, हळिंगळे बोलतोय. ऑफिसातनं.”

“बोला सर.”

“शब्द बदलला. मी दोनदा वाचला. सिस्टरांकडूनही वाचून घेतला.”

“सिस्टर अजून तिथेच?”

“नळ्या सुकतायत म्हणत बसल्यात दोन तास. मध्ये एकदा तुटलं होतं. लाल आलं. तुम्ही लिहून ठेवलेलं टाइप केलं, एक अक्षर चुकलं, परत टाइप केलं. मग चाललं. सबनीसांनी चिटणीसांना कळवलंय, तुमचं नाव घेऊन. मी स्वतः फोन करून खात्री करून घेतली.”

“सर, तुमचे उपकार…”

“ते राहू द्या. ऐका. सोमवारपासून जेवणाची सुट्टी पाव तास कमी. सगळ्यांची. ऑफिस सव्वापाचला बंद होईल. म्हणजे कुणाला सवलत नाही, कुणाला तक्रारीला जागा नाही.”

“सिस्टर काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार? पाव तासात भाकरी खायची की नुसती चटणी चाटायची, असं विचारतायत.” पलीकडून सिस्टरांचा आवाज आलाच, काय ते नीट कळलं नाही.

मला वाटलं आता सर फोन ठेवतील. पण नाही ठेवला.

“लेकरू प्यालं का?”

“प्यायली सर. पितेय.”

“पोचलात तेव्हा रडत होतं?”

“नाही. वाट बघत होती नुसती.”

“हं.” दार लोटल्यासारखा आवाज आला, बहुतेक ते आतल्या खोलीत गेले, सर्व्हरपाशी, सिस्टरांपासून लांब. “आमच्या मंडळी टेलिफोन ऑफिसातच होत्या. ऑपरेटर. चांगल्या होत्या कामाला. मुलगा झाल्यावर थोडं आधी सोडा म्हणायच्या. रोज म्हणायच्या. मग एक दिवस म्हणायच्या थांबल्या, आणि राजीनामा दिला.”

मी हळूच विचारलं, “साहेब ऐकत नव्हते का त्यांचं?”

“साहेब मीच होतो.”

मी रेणूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. पोरीने झोपेतच दोन मोठे घोट घेतले आणि सुस्कारा सोडला. तो त्यांना ऐकू गेला असणार.

“पिऊ द्या,” सर म्हणाले. “ठेवतो मी.”

आणि तरी बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही.